मराठीत गप्प, इंग्रजीत बोलके

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना स्वतःची चार अक्षरं पाठ आहेत. वर्ग सुरू व्हायच्या आधी एकेकाचा कॅमेरा चालू होत असतो, तेव्हा तुमच्या गप्पा माझ्या कानावर पडतात. कोणी आयएनएफपी असतं, कोणी ईएसटीजे. आवडत्या कोरियन गायकाची अक्षरंही तुम्हाला माहीत असतात. आमच्या लहानपणी, म्हणजे सांगलीत, पोरं एकमेकांना रास विचारायची. "तू वृश्चिक? मग तू डूख धरणार!" असं म्हणायची. डूख धरणे म्हणजे राग मनात ठेवून बसणे. गंमत म्हणून हे सगळं ठीक आहे. मीही ऐकतो आणि हसतो.

पण सत्राच्या सुरुवातीला आपण जो फॉर्म भरून घेतो, त्यात "विद्यार्थ्याबद्दल काही सांगायचं आहे का?" असा एक रकाना आहे. तिथे या वेळी काही जणांनी लिहिलं आहे, "मी इंट्रोव्हर्ट आहे, मला वर्गात बोलायला लावू नका." काही फॉर्मवर हेच वाक्य आईबाबांनी लिहिलं आहे. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगतो. माझं म्हणणं तुम्हाला पटलं नाही, तर पुढच्या वर्गात माझ्याशी मराठीत भांडा. तेवढंच बोलणं होईल.

आधी शब्द पाहू. इंट्रोव्हर्टला मराठीत 'अंतर्मुख' म्हणतात. 'अंतर्' म्हणजे आत आणि 'मुख' म्हणजे तोंड. ज्याचं तोंड आतल्या बाजूला वळलेलं आहे तो अंतर्मुख. बाहेर वळलेलं असेल तर बहिर्मुख. हे दोन्ही पुस्तकी शब्द आहेत. आजी हे शब्द वापरणार नाही. आजीकडे वेगळे शब्द आहेत. जो कमी बोलतो तो 'अबोल'. जो मोजकंच बोलतो, पण नेमकं बोलतो, तो 'मितभाषी'. हे कौतुक आहे. जो विचारलं तरी बोलत नाही तो 'घुमा'. हे कौतुक नाही. ज्याला बोलायचं असतं पण धीर होत नाही तो 'लाजाळू'.

आता बघा, या चौघांना इंग्रजीत आपण सरसकट इंट्रोव्हर्ट म्हणून टाकतो. अंतर्मुख माणसाला गर्दीचा कंटाळा येतो, थोडी माणसं पुरतात. त्याला बोलायची भीती वाटते असं नाही. लाजाळू माणसाला उलट माणसं हवी असतात, पण 'लोक काय म्हणतील' याची धास्ती असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाता जाता सांगतो, लाजाळू नावाचं एक झाडही आहे. सिंगापुरात रस्त्याकडेच्या गवतात ते पुष्कळ दिसतं. हात लावला की पानं मिटतात. पाच-दहा मिनिटं त्याच्याजवळ थांबलात, तर ती पुन्हा उघडलेली दिसतील. बहुतेक लोक थांबत नाहीत.

आता ती चार अक्षरं कुठून आली? 1921 साली कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानं माणसांच्या स्वभावाचे प्रकार सांगणारं एक पुस्तक लिहिलं. ते वाचून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स या दोघींनी पुढे एक चाचणी तयार केली. दुसरं महायुद्ध चालू होतं, बायका पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं कामावर जात होत्या. कोणाला कोणतं काम जमेल हे कळावं, असा त्यांचा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र शिकलेलं नव्हतं.

या चाचणीतली मुख्य अडचण मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मी प्रोग्रॅम लिहितो. समजा परीक्षेत तुम्हाला 49 गुण मिळाले आणि मैत्रिणीला 51. मी 50 वर एक रेघ मारली आणि तुमचे गुण खोडून फक्त 'खाली' आणि मैत्रिणीपुढे 'वर' असं लिहिलं. आता तुम्ही आणि 51 वाली मैत्रीण दोन वेगळ्या जातीच्या झालात. आणि 51 वाली व 98 वाली एकाच जातीच्या! ही चाचणी असंच करते. खरं म्हणजे बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, अगदी टोकाला फार थोडी. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर पुष्कळ जणांचं निदान एक अक्षर तरी बदलतं. माणूस तोच असतो. त्या दिवशी तो रेघेच्या या बाजूला पडला, एवढंच.

मधल्या माणसांना आपण विसरतो, त्याचा तोटाही होतो. बडबड्या माणूसच चांगला विक्रेता होतो, अशी सगळ्यांची समजूत असते. 2013 साली ॲडम ग्रँट या अमेरिकन प्राध्यापकानं फोनवरून माल विकणाऱ्या 340 माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात जास्त कमाई मधल्या लोकांची निघाली. ते बोलायचेही आणि ऐकायचेही.

"पण दादा, माझं वर्णन इतकं बरोबर आलं होतं!" हे मी वर्गात ऐकलं आहे. त्यावर 1948 सालचा एक प्रयोग सांगतो. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं आपल्या 39 विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली. आठवड्यानं प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं लेखी वर्णन दिलं आणि विचारलं, हे किती बरोबर आहे? पाचपैकी गुण द्या. सरासरी चारच्या वर गुण मिळाले. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. कधी तुम्ही माणसांत रमता, कधी एकटं राहावंसं वाटतं, अशा धर्तीची. हे कोणाला लागू नाही?

आता चार अक्षरं सोडू आणि घराकडे येऊ. आपण मराठी माणसं या कामात कोणाला हार जाणारे नाही. अमुक गावचा माणूस कंजूष, तमुक गावचा भांडखोर, कोकणातला फणसासारखा, म्हणजे बाहेरून काटे आणि आत गोड. अशा समजुतीला 'साचा' म्हणू. मोदकाचा साचा तुम्ही पाहिला असेल. पीठ कसंही असो, त्यातून मोदक सारखेच निघतात.

सगळ्यात प्रसिद्ध साचा पुणेकराचा. तुमच्या आईबाबांच्या व्हॉट्सॲपवर पुणेरी पाट्यांचे फोटो हमखास येत असतील. "विनाकारण बेल वाजवू नये" छापाच्या. आणि पुण्यातलं दुकान म्हटलं की दुपारी एक ते चार बंद! यावरून लोक म्हणतात, पुणेकर तुसडा असतो, त्याला गिऱ्हाइकाची किंमत नसते. (तुसडा म्हणजे जो कोणाशीही नीट, गोड बोलत नाही तो.)

आता जरा विचार करा. जुन्या पेठांमधलं दुकान कसं असायचं? पुढे दुकान, मागे किंवा वरच्या मजल्यावर घर. काम करणारी माणसं घरचीच. दुकान सकाळी लवकर उघडायचं, रात्री उशिरा बंद व्हायचं. मग दुपारी माणूस जेवणार कधी आणि पाठ टेकणार कधी? आमच्या सांगलीतही बाजारपेठ दुपारी झोपायचीच. पण सांगलीवर कोणी विनोद केले नाहीत, पुण्यावर केले. कारण पुण्याबद्दल बोलणारे आणि लिहिणारे जास्त होते. 2017 साली पुण्यातल्या चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. त्याची चक्क वर्तमानपत्रात बातमी झाली. त्या वर्षी काही पुणेकरांचा स्वभाव बदलला नव्हता. शहर बदललं होतं, गिऱ्हाईक दुपारीही येऊ लागलं होतं.

पु. ल. देशपांडे यांचं 'तुम्हाला कोण व्हायचंय? मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर?' हे भाषण घरी कधीतरी लावलं गेलं असेल. नसेल तर आईबाबांना लावायला सांगा. ते या तीन साच्यांवर आहे. पुलं मुंबईत जन्मले, पार्ल्यात वाढले आणि शेवटी पुण्यात राहिले, त्यामुळे दोन शहरं त्यांना आतून माहीत होती. लोक या भाषणाचा दाखला देतात आणि म्हणतात, बघा, पुणेकर असाच असतो! मला वाटतं, ते नाव नीट वाचत नाहीत. 'तुम्ही कोण आहात' असं पुलं विचारत नाहीत. 'तुम्हाला कोण व्हायचंय' असं विचारतात. 'व्हायचंय' म्हणजे 'व्हायचं आहे'. पुणेकर हा जन्मानं मिळणारा स्वभाव नाही, ती शिकायची गोष्ट आहे, असं धरून सगळी मजा केली आहे. एवढी एक क्रिया नीट वाचली, तरी पुष्कळ भांडणं मिटतील.

सिंगापूरचा साचा तर तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे: कियासू. हॉक्कियन भाषेतला शब्द, अर्थ 'हरण्याची भीती'. 1990 मध्ये 'मिस्टर कियासू' नावाचं कॉमिक निघालं, 1993 मध्ये मॅकडोनाल्ड्सनं कियासू बर्गर विकला. साच्यावर हसणं आणि पैसे कमावणं दोन्ही झालं. हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवायची, हा कियासूपणाचा नमुना म्हणतात. पण दुपारी साडेबाराला रॅफल्स प्लेसजवळच्या एखाद्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन बघा. खुर्च्या थोड्या, माणसं भरमसाट, जेवायला वेळ कमी. आधी जागा धरली नाही, तर हातात गरम सूप घेऊन उभं राहावं लागतं. माझी आई इथे पहिल्यांदा आली, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून पिशवीतला रुमाल काढून टेबलावर ठेवला. एका दिवसात ती कियासू झाली का? एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणाऱ्या पिढीची ती बाई आहे. तिला हे नवीन नव्हतंच.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण साचा नेहमी विनोदी नसतो. सय्यद हुसेन अलतास नावाचे एक मोठे समाजशास्त्रज्ञ होते. सिंगापूरच्या विद्यापीठात ते अनेक वर्षं मलय अभ्यास विभागाचे प्रमुख होते. 1977 साली त्यांचं एक पुस्तक आलं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'आळशी स्थानिकाची दंतकथा'. मलय, जावा बेटावरची आणि फिलिपिन्समधली माणसं जात्याच आळशी असतात, असं युरोपियन राज्यकर्ते शेकडो वर्षं लिहीत आले होते. अलतास यांनी विचारलं, हे आळशी म्हणजे नक्की काय करत नव्हते? मलय माणूस पहाटे उठून मासे धरत होता, भात लावत होता, घर बांधत होता. तो फक्त एक गोष्ट करत नव्हता. गोऱ्या मालकाच्या मळ्यावर, मालकाच्या अटींवर, मजूर म्हणून राबायला तो जात नव्हता. स्वतःची शेती आणि स्वतःची होडी असताना का जाईल? मळ्यांवर राबायला मग भारतातून, मुख्यतः तमिळ, मजूर आणले. आणि जो आला नाही त्याच्या नावापुढे 'आळशी' असं लिहून टाकलं.

म्हणून कोणी कोणाच्या स्वभावाबद्दल बोलू लागलं, की मी आधी विचारतो, हे सांगणारा कोण आहे आणि त्यानं त्या माणसाला कुठे पाहिलं? मळ्याच्या मालकानं मलय माणसाला मळ्याच्या बाजूनं पाहिलं. होडीत पाहिलं नाही.

कोणी म्हणेल, पण आग असल्याशिवाय धूर निघतो का? साच्यात थोडं तरी खरं असेलच ना? कधी असतं, कधी अजिबात नसतं. 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 49 संस्कृतींमधला एक मोठा अभ्यास छापून आला. 'आमच्या देशातला माणूस साधारण कसा असतो' हे लोकांना विचारलं, आणि तिथल्या खऱ्या माणसांच्या स्वभावाच्या मोजमापाशी ते ताडून पाहिलं. मेळ बसला नाही. स्वतःच्या देशाबद्दलसुद्धा लोकांचा अंदाज चुकला! उलट वयाबद्दलच्या समजुती बऱ्याच खऱ्या निघतात. तरुण माणूस जास्त उतावळा असतो आणि वय वाढलं की शिस्त वाढते, हे मोजूनही दिसतं. तेव्हा सगळेच साचे खोटे असं मी म्हणणार नाही. स्वभाव नावाची गोष्ट आहेच. एकाच घरातली दोन भावंडं वेगळी असतात, ते कोणत्याही आईला विचारा. मराठीत म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. पण आपण आजार नसताना औषध शोधतोय, असं मला तुमचे फॉर्म वाचून वाटलं.

कारण तुम्हाला मी दोन जागी पाहतो. वर्गात मी मराठीत प्रश्न विचारला की तुमच्यातले काही जण खाली बघतात, माइक बंद ठेवतात, विचारलंच तर "हो" किंवा "नाही" म्हणतात. त्याच मुलांना मधल्या सुट्टीत इंग्रजीत बोलताना मी ऐकतो. काय तो वेग! काय ती एकमेकांची टिंगल! अंतर्मुख माणूस पाच मिनिटांच्या सुट्टीत बहिर्मुख होत नाही. मग हा गप्पपणा कुठला? तो शब्दांचा तुटवडा आहे. विनोद सुचतो, पण तो मराठीत मांडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. शाळेत तुम्ही हिंदी घेता, मराठीला तिथे जागा नाही, म्हणजे सरावही नाही. वर चूक झाली तर चुलत भावंडं हसतात ते वेगळंच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. तिथे माझी ख्याती बडबड्या अशी होती. बोलतो म्हणून बाकावर उभं राहणं हे नेहमीचं होतं. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो, सगळं इंग्रजीत सुरू झालं, आणि मी गप्प झालो. पहिल्या नोकरीत साहेबांनी माझ्या वार्षिक अहवालात लिहिलं की मी शांत आहे, लोकांपुढे जाण्याचं काम मला देऊ नये. सलग दोन वर्षं मला ग्राहकाच्या बैठकीला नेलं नाही. त्याच काळात कंपनीबाहेरच्या चहाच्या टपरीवर माझ्याभोवती सात-आठ जण गोष्टी ऐकत उभे असायचे. साहेब टपरीवर येत नसत. पुढे सिंगापुरात आल्यावर एका प्रशिक्षणात मला चार अक्षरं मिळाली. पहिलं होतं आय. प्रश्न इंग्रजीत होते आणि ऑफिसबद्दल होते, मग दुसरं काय येणार?

मराठी भाषेनं यात एक छान सोय करून ठेवली आहे. इंग्रजीत माणूस 'आय ॲम शाय' म्हणतो. 'ॲम' म्हणजे आहे. आज आहे, उद्याही आहे. मराठीत आपण बहुतेक वेळा म्हणतो, "मला लाज वाटते." "मला राग येतो." "मला कंटाळा आला." यात 'मी' कर्ता नाही. लाज, राग, कंटाळा हे कर्ते आहेत, पाहुण्यांसारखे येतात. आणि जो येतो तो जातोही. "मी लाजाळू आहे" असंही म्हणता येतं, नाही असं नाही. पण वर्गात बोलताना जे होतं, त्याला "मला बोलायला लाज वाटते" हे वाक्य जास्त खरं आहे. "मला शब्द आठवत नाहीत" हे त्याहून खरं.

तुम्ही खरोखर अंतर्मुख असाल, तर मला काही तक्रार नाही. माझ्या वर्गात सगळ्यांनी वटवट केलीच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. थोडं बोला, विचार करून बोला, हवं तर आधी लिहून मग वाचा. फक्त हे तपासून बघा, की इंग्रजीतही तुम्ही असेच आहात का? नसाल, तर त्या रकान्यात इंट्रोव्हर्ट लिहू नका. कारण मी ते वाचलं आणि तुम्हाला प्रश्न विचारणं बंद केलं, की तुम्हाला बोलायची संधीच मिळणार नाही. सहा महिन्यांनी तुम्ही खरंच मराठीत बोलेनासे व्हाल, आणि फॉर्मवरचं वाक्य खरं ठरेल.

व्हिडिओ कॉलवरही हेच होतं. आजी विचारते, "काय रे, कसा आहेस?" तुम्ही म्हणता, "मजेत." मग शांतता. आजी फोन आईकडे द्यायला सांगते, आणि शेजारच्या काकूंना सांगते, "माझा नातू फार शांत आहे हो." तिला तुमचे विनोद माहीत नाहीत. तुम्ही मित्रांची नक्कल करता हे माहीत नाही. तिच्या फोनमध्ये एक वेगळाच, अबोल मुलगा राहतो.

म्हणून या पाठाचा गृहपाठ फोनवरचा आहे. खालची तीन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाठ करा आणि या रविवारी वापरा.

"थांब आजी, शब्द आठवतोय."

"याला मराठीत काय म्हणतात गं?"

"हसू नकोस, मी पुन्हा सांगतो." मुलगी असाल तर "सांगते".

मग जे सांगायचं होतं ते सांगा. पाच मिनिटं लागली तरी चालतील, आजीला कुठे जायचं नसतं.